किनाऱ्याची सत्ता आणि जाण्याचा हक्क

अठराव्या शतकाच्या आरंभी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा कान्होजी आंग्रे यांचा आग्रह असे. त्यांच्या आधी पोर्तुगीजांनी आपल्या परवान्याची, कार्ताझची, सक्ती केली होती. समुद्रावरून जाण्याचा हक्क कोणी द्यावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे असा जुना आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने त्याचे उत्तर अंतरानुसार दिले. भारताने हा करार १९९५ मध्ये स्वीकारला. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र होय. तेथे किनाऱ्यावरील राष्ट्राची सत्ता चालते. परंतु शांततेस बाधा न आणणाऱ्या परकी जहाजास निरुपद्रवी गमनाचा हक्क असतो. विमानास तो नाही. लष्करी विमानास अनुमती घ्यावीच लागते. आंतरराष्ट्रीय सामुद्रधुन्यांत मात्र विमानांनाही पार जाण्याची मुभा आहे.

मतभेद आहे तो युद्धनौकांविषयी. भारताच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे प्रादेशिक समुद्रात येताना त्यांनी पूर्वसूचना दिली पाहिजे. पुढे २०० मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात संचार मोकळा असला, तरी लष्करी कवायतींस आपली संमती हवी, अशी भारताची भूमिका आहे. अमेरिकेला ती मान्य नाही. ७ एप्रिल २०२१ रोजी ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० मैलांवरून, संमती न मागता, गेली. भारताने तिच्यावर नजर ठेवली आणि आपली चिंता राजनैतिक मार्गाने कळविली. लेखी कायदा झाला, तरी त्याच्या अर्थाविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.