आल्प्सच्या घाटातील दिशादर्शक यंत्र

उपग्रहावरून वाट दाखवणारे यंत्र, ज्याला आपण सर्रास ‘जीपीएस’ म्हणतो ते, विकत घ्यायला गेलेला मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो : “हे किती अचूक आहे?” दुकानदारही त्याच प्रश्नाचे उत्तर तयार ठेवून बसलेला असतो. माझ्या मते हा प्रश्नच मुळी चुकीच्या जागी विचारला जातो. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले तिघे तरुण येत्या उन्हाळ्यात म्यूनिकला उतरून, तेथे भाड्याने मोटारसायकली घेऊन, ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड या देशांतील आल्प्सच्या खिंडी पालथ्या घालणार आहेत. कोणते यंत्र घ्यावे, की हातातला फोनच पुरे, असे त्यांनी मला विचारले. त्यांना तोंडी दिलेले उत्तर जरा विस्ताराने मांडावे आणि त्या निमित्ताने वर्गात तासाच्या घंटेमुळे अर्धा राहिलेला धडाही पुरा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आकाशातील घड्याळे

प्रथम मूळ तत्त्व पाहू. जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचे तीसएक उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असून साधारण बारा तासांत एक प्रदक्षिणा पुरी करतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते, आणि प्रत्येक उपग्रह अखंडपणे दोनच गोष्टी सांगत असतो : मी अमुक ठिकाणी आहे, आणि आता इतके वाजले. हा रेडिओसंदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला एका सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हे कळले की अंतर कळते, आणि अंतरे कळली की आपले स्थान कळते.

यात एक अडचण आहे. आपल्या हातातील यंत्रात अणुघड्याळ नसते, साधे क्वार्ट्झचे असते, आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरची चूक! म्हणून अज्ञात राशी तीन नव्हेत, चार धराव्या लागतात : स्थानाच्या तीन व घड्याळातील चुकीची एक. चार अज्ञातांना चार समीकरणे हवीत, म्हणून निदान चार उपग्रह दिसले पाहिजेत. आणखी एक गंमत. वर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने उपग्रहातील घड्याळ दिवसाकाठी सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, आणि उपग्रहाच्या वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. निव्वळ फरक ३८. तो आगाऊ दुरुस्त केला नसता तर एका दिवसातच दहा किलोमीटरांहून अधिक चूक साठली असती. सापेक्षतावादाचा व्यवहारात उपयोग काय, असे दर वर्षी विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

पूर्वी या संदेशात अमेरिकेचे सैन्य मुद्दाम दोष मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाला शंभर मीटरपर्यंत चूक सोसावी लागे. मे २००० मध्ये ती पद्धत बंद झाली. पुढे रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या यंत्रणाही हाताशी आल्या. आज बाजारातील बहुतेक फोन आणि बहुतेक दिशादर्शक यंत्रे यांपैकी एकाहून अधिक यंत्रणांचे संदेश घेतात, आणि मोकळ्या आकाशाखाली दोघांचीही चूक पाचएक मीटरच्या घरात असते. अरुंद दरीत, उंच कड्याखाली, संदेश खडकावर आपटून येतो तेव्हा ती वाढते. पण तेथे जाणारा रस्ता एकच असतो, त्यामुळे बिघडत फारसे काही नाही. ‘नाविक’ ही आपली भारतीय यंत्रणा यंत्रात आहे असे कोणी अभिमानाने सांगितले तर आनंद मानावा, पण ती भारत आणि भोवतीचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा पट्टा यांच्यासाठी आहे. आल्प्समध्ये तिचा उपयोग नाही.

दुसरा एक गैरसमज येथेच काढून टाकतो. उपग्रहाचा संदेश घ्यायला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घ्यायला. नकाशा आधीच यंत्रात साठवलेला असेल तर सिमकार्ड काढून टाकलेला फोनही आपण कोठे आहो ते बिनचूक सांगतो.

तात्पर्य, स्थान कळण्याच्या बाबतीत स्वस्त-महाग असा भेद जवळजवळ उरलेला नाही. जादा पैसे मोजायचे ते कशासाठी? तर आतला नकाशा आणि बाहेरचा पडदा यांसाठी.

नकाशा आणि त्याचा स्वभाव

भारतात घेतलेल्या यंत्रात युरोपचे नकाशे असतीलच असे नाही. ते खोक्यावर वाचून घ्यावे. फोनवाल्यांना ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या लोकनिर्मित नकाशाचा आधार आहे. त्यावर चालणारी, सबंध देशाचा नकाशा फोनमध्ये साठवून ठेवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. जर्मनीत घेतलेले सिमकार्ड युरोपीय संघाच्या देशांत बहुधा चालते, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, हे सीमा ओलांडण्यापूर्वीच ध्यानात असावे. नकाशा साठवलेला असेल तर ही चिंताच नको.

पण नकाशा असणे वेगळे आणि त्यातून वाट काढणे वेगळे. यंत्राला काही न सांगता सोडले तर ते सर्वांत लवकर पोहोचवणारी वाट काढते. आता गॉटहार्डचे उदाहरण घ्या. खालून १९८० साली खुला झालेला सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा जातो, वरून २,१०६ मीटर उंचीची खिंड. यंत्र तुम्हाला बोगद्यात घालणार, हे ठरलेले! तेथे उपग्रहही दिसत नाहीत आणि आल्प्सही. खिंडीच्या दक्षिण उतारावर त्रेमोला नावाचा दगडी फरसबंदीचा जुना वळणावळणांचा रस्ता आहे; त्यासाठी हजारो मैलांवरून लोक येतात, आणि घाईचे यंत्र त्याचे नावही घेत नाही. म्हणून ‘महामार्ग टाळा’ ही आज्ञा यंत्रात सहज देता येते का, हे निवडतानाच पाहावे. तीच गोष्ट ‘टोल टाळा’ या आज्ञेची, पण उलट बाजूने. पैसे वाचवण्यासाठी ती कोणी देऊन ठेवली, तर ऑस्ट्रियातील १९३५ साली खुला झालेला ग्रोसग्लॉक्नरचा प्रसिद्ध डोंगरी रस्ताच यंत्र गाळून टाकते, कारण तोही टोलचाच आहे. काटकसर करावी, पण एवढी नव्हे.

मोटारसायकलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत, उदाहरणार्थ गार्मिनच्या झूमो किंवा टॉमटॉमच्या रायडर मालिकेत, ‘वळणांची वाट’ काढण्याची सोय असते. ती खरोखर उपयोगी आहे. मात्र कधी कधी ती एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्याकडे जाणाऱ्या बोळातही नेऊन सोडते, तेव्हा घरून निघण्यापूर्वी संगणकावर आखलेली वाट यंत्रात घालता येणे अधिक महत्त्वाचे. येथे ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ यांतला भेद समजला पाहिजे, कारण दुकानदार तो सांगत नाही. रूट म्हणजे काही ठिकाणांची यादी. मधली वाट यंत्र आपल्या बुद्धीने, आपल्या नकाशावरून, नव्याने काढते. ट्रॅक म्हणजे पायवाटेवर टाकलेल्या खड्यांसारखी बिंदूंची रांग; ती बदलत नाही. एकच फाइल दोन यंत्रांत घातली आणि दोघे मित्र दोन वेगळ्या खिंडींत पोहोचले, असे रूटमुळे होते.

माझ्या एका स्नेह्याने आखलेल्या वाटेतील एक बिंदू नकळत महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला पडला होता. तो चुकल्यावर यंत्राने पुढचे वीस किलोमीटर ‘मागे वळा’ याशिवाय दुसरे वाक्य उच्चारले नाही. चुकलेला बिंदू एका बोटाने वगळता येतो का, आणि नुसते वाटेला वळण देण्यासाठी घातलेले बिंदू यंत्र मुक्काम समजून थांबा म्हणून ओरडते का, हे दोन प्रश्न दुकानात विचारून पाहावेत. विक्रेत्याची परीक्षा तेथेच होते.

स्टेल्विओची खिंड २,७५७ मीटर उंच. प्राटो गावाकडून चढताना ४८ हेअरपिन वळणे, प्रत्येकाला क्रमांकाची पाटी. हिवाळ्यात ती बंद असते आणि बर्फ उशिरा वितळले तर जूनच्या आरंभापर्यंतही उघडत नाही. साठवलेल्या नकाशाला हे कळेलच असे नाही, त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामी विचारून घ्यावे.

याच भागात आणखी एक घोळ आहे, आणि तो बेळगावकराला समजावून सांगण्याची गरज नाही. दक्षिण टिरोल हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, नंतर इटलीकडे गेला. बहुसंख्य लोक जर्मन बोलतात, पाट्या दोन्ही भाषांत. बोत्सेन तेच बोल्त्सानो, हे ऐकून तरी ओळखू येते. पण श्टेर्त्सिंग म्हणजेच विपितेनो, हे कोणी सांगितल्याशिवाय कसे कळावे? हॉटेलच्या पत्रात एक नाव, यंत्रात दुसरे, पाटीवर दोन्ही. आपल्याकडे २०१४ साली अधिकृत नाव बदलल्यावर बेळगाव आणि बेळगावी ही दोन गावे समजून गोंधळलेले परप्रांतीय आपण पाहिलेच आहेत, आणि तेथे तर निदान पहिली तीन-चार अक्षरे सारखी होती! म्हणून मुक्कामाची ठिकाणे नावाने न घालता अक्षांश-रेखांशाने घालावीत. ज्या यंत्रात अक्षांश-रेखांश भरायला पाच पडदे उघडावे लागतात, ते घेऊ नये. इंग्रजी आवाज जर्मन नावांचे काय करतो ते ऐकण्यासारखे असते, पण त्यावर विसंबू नये.

डोळे, हात आणि हातमोजे

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या ३३ मीटरांत डोळे रस्त्यावर नव्हते. त्यातून आपले लोक डाव्या बाजूने गाडी चालवणारे. तेथे उजवी बाजू. पहिले दोन-तीन दिवस चौकातून वळताना हात आणि मेंदू यांचे भांडण चालूच असते. अशा वेळी बारीक अक्षरांचा, दहा रंगांचा पडदा घातक ठरतो. मोठा बाण, पुढच्या वळणाचे अंतर आणि शिरस्त्राणातील स्पीकरवर वेळीच येणारी सूचना, एवढे पुरते. यंत्र मिटरच्या वर, नजर फारशी न झुकवता दिसेल असे बसवावे. टाकीवरच्या पिशवीत ठेवू नये.

फोन येथे मागे पडतो. पडद्यावर पावसाचे थेंब पडले की फोनला वाटते बोट लागले. हातमोज्याने तो ऐकेलच असे नाही. भर उन्हात तापला की आयफोनसारखा फोन स्वतःच मंद होतो किंवा बंद पडतो. त्याची निर्मात्याने सांगितलेली मर्यादाच ३५ अंश सेल्सिअस आहे. त्याच कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर केले की मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे फोनमधील कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी रचना बिघडू शकते. कंपने शोषणारा आधार घेतला तर धोका कमी होतो, पण सहलीचे फोटो ज्या कॅमेऱ्यात काढायचे तोच पणाला लावण्यात शहाणपण नाही. मोटारसायकलसाठी बनवलेले यंत्र उन्हात दिसते, हातमोज्याने चालते, आणि त्यावर बहुधा आयपीएक्स ७ ही खूण असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जात नाही. किंमत मात्र एका चांगल्या फोनाएवढी पडते.

तेव्हा माझा सल्ला असा. आयुष्यात एकदाच दहा दिवसांची सहल असेल तर नवे यंत्र घेऊ नये. गाडी भाड्याने देणारे काही जण यंत्रही भाड्याने देतात. ते मिळाले तर उत्तम, नाही तर घरातला जुना, नकाशे भरलेला फोन कंपनशोषक आधारावर लावावा आणि नवा फोन खिशात ठेवावा. दर दोन वर्षांनी असे प्रवास करणार असाल तर खास यंत्र घ्यावे. भाड्याच्या गाडीवर वीज घेण्याचा सॉकेट कोणत्या जातीचा आहे हे पत्र लिहून आधी विचारावे. तीन तासांनी मान टाकणारे यंत्र कितीही गुणी असले तरी काय कामाचे?

कायद्याच्या दोन गोष्टी थोडक्यात. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांची पूर्वसूचना देणारी सोय गाडी चालवताना वापरायला जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे, ती सीमेपूर्वी बंद करावी. आणि संकटकाळी थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे यंत्र हौसेने तेथे विकत घेतले, तर ते घेऊन परत येऊ नये. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशी यंत्रे जवळ असलेल्या परदेशी प्रवाशांवर पोलिसांनी कारवाई केली होती. नुसते जीपीएस ऐकते, बोलत नाही; त्याला हा नियम लागू नाही.

निघण्यापूर्वी एक रविवार चोर्ला घाटासाठी राखून ठेवावा. फोनची इंटरनेटजोडणी मुद्दाम बंद करून, हातमोजे घालून, जमल्यास पावसात, आखलेल्या वाटेने साखळीपर्यंत जाऊन यावे. मधला एक बिंदू जाणूनबुजून चुकवावा आणि यंत्र काय म्हणते ते पाहावे. पुढे म्यूनिकला उतरल्यावर यंत्र लगेच स्थान सांगत नाही म्हणून घाबरू नये. ते अजून बेळगावच्या आकाशातले उपग्रह शोधत असते. उघड्यावर ठेवून पंधरा मिनिटे थांबावे. तेवढ्यात भाड्याच्या गाडीचे ब्रेक, दिवे आणि टायर नीट तपासून होतात.