प्रत्येक फुगवटा हर्निया नसतो

पोटावर किंवा जांघेत फुगवटा दिसला की हर्निया झाल्याचे पुष्कळदा घरीच ठरते आणि कुटुंब शस्त्रक्रियेच्या खर्चाची जुळवाजुळव करू लागते. अशा वेळी डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी सांगितली, तर हा वाढीव खर्च कशासाठी, असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहे.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून वा फटीतून बाहेर आलेली चरबी किंवा आतडे. खोकल्यावर तो फुगतो आणि आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. लक्षणे इतकी स्पष्ट असतील, तर डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी बहुधा पुरेशी ठरते.

तथापि हर्नियासारख्या दिसणाऱ्या गाठी अनेक आहेत. त्वचेखालील चरबीची साधी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धास जोराच्या खोकल्यानंतर पोटाच्या स्नायूत रक्त साकळू शकते. तेथे पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता औषधांत बदल व देखरेख पुरते. सिझेरियनच्या व्रणाजवळील गाठ मासिक पाळीच्या दिवसांत दुखत असेल, तर तेथे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती वाढलेली असू शकते. बेंबीतील कठीण गाठ क्वचित पोटातील कर्करोगाची पहिली खूण ठरते. ती हर्निया समजून नुसती दुरुस्त केली, तर मूळ रोग आतच राहतो.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. शिवाय रुग्णास उभे करून, खोकण्यास सांगून भिंतीची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते. केवळ निजवून तपासल्यास लहान हर्निया निसटू शकतो. रुग्ण स्थूल असल्यास किंवा गाठ खोल असल्यास सी. टी. स्कॅन उपयोगी पडतो. मात्र त्यात क्ष-किरण असतात आणि शिरेतून औषध द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाचे कार्य विचारात घ्यावे लागते. स्नायूंतील गाठीचा विस्तार पाहण्यास एम. आर. आय. साहाय्यक ठरते.

एक सूचना महत्त्वाची. फुगवटा अचानक कठीण झाला, आत जाईना, वेदना वा उलट्या सुरू झाल्या, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता रुग्णास रात्रीअपरात्रीही तातडीने रुग्णालयात आणावे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यास जिवावर बेतते.

नातेवाईकांनी येताना पूर्वीच्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे आणि चालू औषधांची यादी अवश्य आणावी.

वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने एक गोष्ट नमूद करतो. तपासणीचा खर्च जमाखर्चात दिसतो. टळलेली अनावश्यक शस्त्रक्रिया किंवा वेळीच उमगलेला रोग मात्र कोणत्याही रकान्यात दिसत नाही. म्हणून विश्वस्तांनी व देणगीदारांनी आवश्यक तपासणी हा उपचाराचाच भाग मानावा आणि पैशाअभावी कोणाही गरजू रुग्णाची तपासणी अडू देऊ नये, ही नम्र विनंती.