सांझा चूल्हा

पंजाबातील खेड्यांत शेजारणी घरी मळलेली कणीक घेऊन एकाच तंदुरापाशी जमत; क्वचित आजही जमतात. या प्रथेमागील उष्णतेचा हिशोब पाहण्याजोगा आहे. 100 किलोग्रॅम मातीचा तंदूर 300 अंश सेल्सिअसने तापविण्यास सुमारे 6000 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्यासाठी निदान दीड किलोग्रॅम सुके लाकूड जाळावे लागते. धुराबरोबर निघून जाणारी उष्णता धरल्यास पुष्कळच अधिक. ही सारी उष्णता पहिली रोटी लावण्यापूर्वीच भिंतीत मुरते. दहा घरांनी दहा तंदूर पेटविल्यास हा खर्च दहादा होतो, एकच पेटविल्यास एकदा. पुढे प्रत्येक घरापुरते थोडेसे सरपण भागते. मात्र शेजारणी लागोपाठ आल्या पाहिजेत. मध्ये तास-दोन तास गेले, तर भिंत निवू लागते आणि सरपण पुन्हा घालावे लागते.