गुडघ्याचं खरं काय ते कळव

पनवेल
चि. बंड्यास,


काल मंडईत तुमच्या फुटबॉल टीमच्या गोलकीपरचे वडील भेटले. बोलता बोलता म्हणाले, "तुमचा पुतण्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊन मॅच खेळला." वहिनीला मी अजून काही बोललेलो नाही. खरं आहे का हे? फोनवर विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय.

अरे, इंजेक्शनने दुखणं थांबतं, लिगामेंट जुळत नाही. बधिर गुडघ्यावर गर्रकन वळलास की उरलेलंही फाटतं आणि तुला पत्ता लागत नाही. तू जर्नेल सिंगचं नाव पुढे करशील. ती गोष्ट मीच तुला सांगितलेली. १९६२, जकार्ता एशियाड, डोक्याला टाके आणि तरी दक्षिण कोरियाविरुद्ध फायनलमध्ये गोल. पण ते टाके त्याच्या कोचला, रहीमसाहेबांना, दिसत होते. त्यांनी त्याला बचावातून काढून सेंटर फॉरवर्डला खेळवलं. तुझ्या कोचला तुझा गुडघा ठाऊक तरी आहे का?

आणि दिवाळीत म्हणालास, "खेळ सुटला तर काय, पीटी मास्तर होऊ?" ते फार लागलं मला. हेच रहीमसाहेब, सय्यद अब्दुल रहीम, उस्मानिया विद्यापीठाकडून खेळले आणि शाळेत मास्तर झाले. त्याच मास्तरांनी हैदराबाद सिटी पोलिसांना १९५० ते ५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकून दिला, इथे आपल्या मुंबईत. पोरांनी बॉल पायात घोळवत बसू नये म्हणून ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे, कच्च्या पायाने खेळायला लावायचे. १९५६ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांची भारतीय टीम चौथी आली; मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले. जकार्त्याच्या सुवर्णपदकानंतर रहीमसाहेब वर्षभरही जगले नाहीत. पण मास्तराचं असं आयुष्य काय कमी आहे रे?

कॉलेजात मीही विंगला धावायचो. डावा पाय शेवटपर्यंत कच्चाच राहिला, कारण तो घोटून घेणारं कोणी भेटलंच नाही. मग नोकरी लागली आणि बूट माळ्यावर गेले. तुझा डावा पाय बघतो तेव्हा जीव सुखावतो. म्हणून त्या गुडघ्याची एवढी धास्ती.

जास्त बोललो असेन. लहानपणी वडाळे तळ्याशी खेळताना ढोपर फोडून घ्यायचास आणि आईला कळू नये म्हणून आधी माझ्याकडे यायचास. मी हळद दाबून धरायचो आणि तू दात आवळून माझा शर्ट ओढायचास. आताही तसाच ये ना. पुढची मॅच राहू दे. एमआरआय करून घे, पैशाचं मी बघतो. शनिवारची एसटी धर, स्टँडवर घ्यायला येतो. जिना चढायला नको म्हणून खालच्या खोलीत तुझी गादी घालतोय. येताना रिपोर्ट आण. झाला नसेल तरी ये.

तुझा,
नानाकाका