इंटरफेस : आकार आणि आशय

खातेदारांची यादी शिल्लक रकमेच्या क्रमाने लावावयाची असेल, तर संगणकाला एकच गोष्ट कळावी लागते : दोन खात्यांपैकी आधी कोणते? यादी खात्यांची आहे की बियाण्यांच्या वाणांची, याच्याशी क्रम लावणाऱ्या आज्ञावलीला कर्तव्य नसते. हे दोन भाग अलग ठेवूनही जोडण्याची ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीतील सोय म्हणजे 'इंटरफेस' होय.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या जावा भाषेत ही सोय आहे. १९९८ च्या १.२ आवृत्तीत 'कंपेरेबल' हा इंटरफेस आला. त्यात 'कंपेअर-टू' या एकाच कृतीचे नाव व स्वरूप दिलेले आहे. ती पार कशी पाडावयाची, हे दिलेले नाही. स्वतःची वस्तू समोरच्या वस्तूहून लहान असल्यास ऋण संख्या, समान असल्यास शून्य आणि मोठी असल्यास धन संख्या उत्तरादाखल मिळावी, एवढीच अपेक्षा. 'खाते' हा वर्ग, म्हणजे क्लास, लिहिताना त्यापुढे 'इम्प्लिमेंट्स कंपेरेबल' असे लिहिले, की ही कृती पुरविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. ती न पुरविल्यास कंपायलर दोष दाखवून थांबतो.

परंतु कंपायलर तपासतो तो आकार. आशय त्याच्या नजरेस येत नाही. अनेक जण सोपा मार्ग म्हणून एका शिलकेतून दुसरी वजा करतात आणि येणारी संख्याच उत्तर म्हणून देतात. समजा, रकमा पैशांत ठेवल्या आहेत. एका खात्यात २ कोटी रुपये जमा, म्हणजे २०० कोटी पैसे. दुसऱ्यात तेवढेच येणे. वजाबाकी ४०० कोटींची होते. ३२ बिटांच्या पूर्णांकात मात्र २,१४,७४,८३,६४७ हूनी मोठी संख्या मावत नाही. उत्तर फिरून −२९,४९,६७,२९६ असे येते आणि कर्जदार खाते ठेवीदारापेक्षा मोठे ठरते! कंपायलरची याला काहीच हरकत नसते.

२०११ मध्ये आलेल्या जावा ७ ने वस्तूंचा क्रम लावण्याची रीत बदलली. पूर्वीची रीत अशा विसंगत उत्तरांवरही निमूटपणे चुकीची यादी देत असे. नवी रीत विसंगती ध्यानी आल्यास, तुलनेच्या कृतीने करार मोडला आहे असे सांगून काम थांबवू शकते. मात्र प्रत्येक विसंगती तिला सापडेलच असे नाही. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेल्या आज्ञावल्या यामुळे बंद पडू शकतात, म्हणून जुनी रीत चालू ठेवण्याची मुभाही ठेवण्यात आली. तथापि चुकीच्या यादीपेक्षा थांबलेले काम बरे.

यावर उपाय अवघड नाही. वजाबाकी न करता 'इंटिजर' वर्गातील 'कंपेअर' ही तयार कृती वापरावी. ती जावा ७ पासूनच उपलब्ध आहे. शिवाय दोन वस्तूंची अदलाबदल केली असता उत्तराचे चिन्ह उलटते का, आणि पहिली दुसरीहून व दुसरी तिसरीहून मोठी असता पहिली तिसरीहून मोठी ठरते का, हे प्रत्यक्ष संख्या घालून पडताळावे. त्या संख्यांत अगदी मोठ्या आणि ऋण रकमा अवश्य असाव्यात.