‘फाइट’ म्हणजे नेमकं काय? कोणाशी, कशासाठी, कशावरून?



‘धंद्यात टिकायचं तर फाइट द्यावी लागते’ हे आपण सहज बोलतो. बोलताना चालून जातं. पण इंग्रजीत ईमेल लिहिताना ‘फाइट’ एकटा फारसं काही सांगत नाही. त्याच्या मागून येणारा छोटा शब्द सगळा अर्थ ठरवतो. आज तेच शिकूया.

१. फाइट अगेन्स्ट : च्या विरुद्ध लढणे. ‘वी आर फाइटिंग अगेन्स्ट फेक प्रॉडक्ट्स.’ आम्ही नकली मालाविरुद्ध लढतोय.

२. फाइट फॉर : च्यासाठी लढणे. ‘वी फॉट फॉर धिस ऑर्डर.’ ही ऑर्डर मिळवायला आम्ही झगडलो. भूतकाळ ‘फॉट’ होतो, ‘फायटेड’ नाही!

३. फाइट ओव्हर : च्यावरून भांडणे. ‘द पार्टनर्स आर फाइटिंग ओव्हर मनी.’ भागीदार पैशावरून भांडतायत.

४. फाइट ऑफ : परतवून लावणे. फाइट बॅक : मार खाऊन गप्प न बसता प्रतिकार करणे.

५. फाइट विथ : इथे गंमत आहे. याचे दोन अर्थ होतात, ‘च्याशी लढणे’ आणि ‘च्या बाजूने लढणे’. आपल्याच इतिहासातलं उदाहरण घ्या. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांशी लढल्या. त्याआधी १७९०-९२ च्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध लढले होते. इंग्रजीत दोन्हीला ‘फॉट विथ द ब्रिटिश’ म्हणता येतं! म्हणून शंका येईल तिथे सरळ ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अलाँगसाइड’ लिहा.

आता हे पैशाशी कसं जोडलेलं आहे ते बघा.

समजा, एका मोठ्या कंपनीकडे तुमचं बिल अडकलंय. रागाच्या भरात तुम्ही लिहिता, ‘वी विल फाइट विथ यू.’ वाचणाऱ्याला ती धमकी वाटते आणि तुमचं पत्र बाजूला पडतं. मग सौम्य करायला म्हणून तुम्ही लिहिता, ‘देअर इज अ डिस्प्यूट अबाउट धिस बिल.’ हे तर जास्त महागात पडू शकतं. ‘डिस्प्यूट’ म्हणजे वाद. समोरच्याने मालाबद्दल एक शब्द तक्रार केलेली नसताना बिलावर वाद आहे असं तुम्हीच का लिहून द्यायचं?

अशा वेळी बरोबर शब्द आहे ‘ओव्हरड्यू’, म्हणजे मुदत टळलेलं. ‘पेमेंट ऑफ धिस बिल इज ओव्हरड्यू.’ सोबत बिल नंबर, माल पोचल्याची तारीख आणि रक्कम लिहा. बस्स.

या शब्दामागे कायदाही उभा आहे. एमएसएमई विकास कायदा २००६ नुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल अथवा सेवा दिली तर लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. मालाबद्दल हरकत असेल तर ग्राहकाने ती १५ दिवसांच्या आत लेखी कळवायची असते. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. तरीही पैसे आले नाहीत तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. म्हणून ‘उद्यम’ नोंदणी धंदा सुरू करतानाच करून घ्या. बिल अडकल्यावर धावपळ नको.

थोडक्यात, आपल्या हक्काच्या पैशांसाठी जरूर ‘फाइट फॉर’ करा. पण कागदावर ‘फाइट’ लिहू नका, तारीख आणि रक्कम लिहा.

आजचा गृहपाठ : तुमची थकलेली बिलं काढा. प्रत्येकावर माल पोचल्याची तारीख लिहा आणि किती दिवस झाले ते मोजा. ज्याची मुदत टळली असेल, त्याला आजच दोन ओळींचं ‘ओव्हरड्यू’ पत्र पाठवा.