नियंत्रित आकाश आणि मानवी दृष्टी

आकाश अफाट आहे. तेव्हा दोन विमानांची गाठ पडणे जवळजवळ अशक्यच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु विमानतळाजवळ सारी विमाने धावपट्टीच्या रोखाने एकवटतात. म्हणूनच तेथे नियंत्रित आकाश आखलेले असते. दोन विमानांतील अंतर ५०० फुटांहून कमी झाले, तर अमेरिकेत ती थोडक्यात टळलेली टक्कर मानली जाते.

'नियंत्रित' या शब्दाने मात्र फसू नये. लहान विमानतळांच्या आकाशात नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांना नियंत्रक क्रम लावून देतो आणि इतर विमानांची माहिती देतो. एकमेकांना चुकविण्याची जबाबदारी वैमानिकांचीच असते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे १२ मे २०२१ रोजी अमेरिकेतील डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावरील घटना. तेथे समांतर धावपट्ट्या आहेत. एका धावपट्टीकडे मालवाहू मेट्रोलायनर येत होते, दुसरीकडे सिरस हे छोटे विमान वळत होते. दोघांचे नियंत्रक वेगळे आणि रेडिओच्या कंपनसंख्याही वेगळ्या. सिरसच्या वैमानिकाला मेट्रोलायनरची माहिती मिळाली होती. मेट्रोलायनरच्या वैमानिकाला सिरसची सूचना मिळाली नाही. सिरस आपली रेषा ओलांडून पुढे गेले आणि मेट्रोलायनरवर आदळले. मेट्रोलायनरची पाठ फाटली, तरी ते सुखरूप उतरले. सिरस आपल्या हवाई छत्रीच्या आधाराने जमिनीवर आले. दोन्ही विमानांतील तिघांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

डोळे असून दिसत कसे नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. आपले डोळे हालचाल चटकन टिपतात. पण दोन विमाने सरळ मार्गाने टकरीच्या दिशेने येत असतील, तर समोरचे विमान काचेवर एकाच जागी स्थिर ठिपक्यासारखे राहते. ते सरकत नाही, फक्त मोठे होते. आणि तेही अखेरच्या काही क्षणांत. उलट, धोका ओळखून विमान वळविण्यास सुमारे १२.५ सेकंद लागतात, असा अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे.

दुसरी मर्यादा भाषेची. 'विमान दिसले' या उत्तरात कोणते विमान दिसले, हे स्पष्ट होत नाही. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन मोठ्या विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही नेमून दिलेली उंची आणि तिचा लावलेला अर्थ यांत अंतर पडले होते. त्यानंतर टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

तेव्हा हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नाही. सांगणाऱ्याने दोघांनाही सांगावे, ऐकणाऱ्याने नेमके उत्तर द्यावे आणि 'दिसले' म्हटल्यावरही पुन्हा पाहावे, एवढ्यावर तेथे माणसांचे प्राण अवलंबून असतात.